जोते, रेषा आणि गुंठा : सातारा-सांगलीच्या साहित्यातले घर

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने बोली पाहिली, निसर्ग पाहिला, दुष्काळ पाहिला. जातीची उतरंडही उशिरा का होईना पाहिली. घर मात्र तिने पार्श्वभूमी म्हणून सोडून दिले. कथेत वाडा आला की आपण सरंजामी वृत्तीविषयी बोलतो, झोपडी आली की दारिद्र्याविषयी. ते घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे, बांधताना कोणाला विचारावे लागले, पडले तेव्हा कोणत्या कागदावर त्याची नोंद झाली, हे प्रश्न आपल्याला साहित्यबाह्य वाटतात. ते महसूल खात्याचे, नगररचनेचे, फार तर समाजशास्त्राचे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते तरी मला हे मान्य नाही. १९४९ पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता. मग उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखाने गेल्या पाऊणशे वर्षांत धरण पाहिले, भूकंप पाहिला, बुडालेली आणि उठवलेली गावे पाहिली, शेतात तुकडे पाडून वसलेली शहरे पाहिली आणि तीन मोठे महापूर पाहिले. दर वेळी शासनाने घराची एक नवी व्याख्या आणली. याच मुलखाने माडगूळकर बंधू दिले, अण्णा भाऊ साठे दिले, लक्ष्मण माने दिले. या लेखकांची घरे आणि शासनाची घरे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, एवढाच या लेखाचा उद्देश. त्यासाठी अधिनियम, नियमावली आणि शासन निर्णय हाही एक गद्यप्रकार मानला आहे. त्याला शैली असते, निवेदक असतो (बहुधा लपलेला), आणि काय सांगायचे नाही याचे पक्के भान असते.

सुरुवात ‘बनगरवाडी’पासून करणे भाग आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. तिचा काळ त्याआधीचा, औंध संस्थानातला. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, आणि मग त्याच्या मनात येते की इथे एक तालीम बांधावी. गावाच्या अंगमेहनतीतून ती उभी राहते. उद्घाटनाला खुद्द पंतसरकार येतात. त्यानंतर पाऊस पाठ फिरवतो, मेंढरे मरू लागतात, माणसे पोट घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते.

या कादंबरीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेकांनी तालमीला एक प्रसंग मानले. मला ती कादंबरीची तुळई वाटते. ज्या वर्षी पुस्तक आले त्याच्या तीनच वर्षे आधी, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला होता. गट विकास अधिकारी, ग्रामसेवक, श्रमदान हे शब्द तेव्हा नवे आणि उत्साहाचे होते. गावाने श्रम द्यायचे, सरकारने साहित्य आणि सल्ला द्यायचा, आणि त्यातून शाळाखोली, रस्ता, विहीर उभी राहायची, अशी ती मांडणी. ‘बनगरवाडी’त नेमके हेच घडते, फक्त योजनेविना. आणि लेखक त्या इमारतीचे पुढे काय झाले हेही सांगतो, जे कार्यक्रमाच्या अहवालात कधी येत नाही. तालीम टिकली, पण तीत घुमणारी पोरे राहिली नाहीत. वाडीला इमारतीची हौस होती हे खरे. तिची गरज मात्र पाण्याची आणि चाऱ्याची होती. माडगूळकर हे विधान म्हणून कुठेही करत नाहीत. ते आधी तालीम बांधून दाखवतात, मग माणसे काढून घेतात. हा माणूस पुढे पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात नोकरी करत होता, म्हणजे विकासाचीच भाषा त्याच्या कार्यालयातून प्रक्षेपित होत होती, हे लक्षात घेतले की त्या संयमाची किंमत कळते.

औंध हे संस्थान बांधकामाच्या बाबतीत हौशी होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत वसवायला माळ दिला तो याच संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. त्या माळावरून पुढे एक मासिकही निघाले, आणि आजच्या दिवाळी अंकांच्या वाचकाला त्याचे नाव सांगायला नको. कामगारांची घरे आणि मध्यमवर्गाचे वाचन एकाच कारखान्याच्या आवारातून निघावे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली एक मजेची गोष्ट आहे. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसले. कैद्यांनी भिंतीविना राहायचे, कुटुंबासह राहायचे, जमीन कसायची. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, पंतांचा पाठिंबा. ग. दि. माडगूळकरांनी यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. एका भावाने तालीम लिहिली, दुसऱ्याने खुली वसाहत लिहिली. दोघांचे गाव माडगूळ, दोघांचे संस्थान तेच. दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेला एक सज्जन माणूस लोकांच्या हातून काहीतरी उभे करून घेतो. फरक शेवटात आहे. चित्रपटाला हुतात्मा लागतो. कादंबरीला नुसता न पडलेला पाऊस पुरतो. मला कादंबरी मोठी वाटते ती यासाठी.

‘वसाहत’ हा शब्द इथे थोडा उलगडायला हवा. मराठी शासनव्यवहारात हा विलक्षण लवचीक शब्द आहे. कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत, म्हाडा वसाहत, पुनर्वसन वसाहत, खुली वसाहत. यात एक जुना अर्थ दडलेला आहे, जो आपण विसरायला तयार असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या अवतारांनी काही जाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्यांची हजेरी घेतली जाई आणि त्यांना तारेच्या कुंपणाच्या ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. हजेरीची सवय कागदावरून गेली तरी पोलीस चौकीवरून लगेच गेली असे कोणी म्हणणार नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊंची ‘फकिरा’ (१९५९) आपण बंडाची कादंबरी म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण तिच्यातला सगळ्यात जिवंत ताण जागेचा आहे. गावाच्या मानासाठी जीव देणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर आहे. जोगणीसाठी जो मरतो त्याचे घर वेशीच्या पलीकडे. हजेरी आली की तेवढे घरही घर राहत नाही, कारण रात्री आपल्या घरात असणे हीच सक्ती होते. घर म्हणजे निवारा, हा अर्थ उलटून घर म्हणजे अटक असा होतो. हा उलटा अर्थ अण्णा भाऊंनी ज्या सहजतेने पकडला, तसा तो कोणत्याही गृहनिर्माण धोरणात उमटलेला मला दिसलेला नाही. आजही ‘घर दिले’ एवढ्यावर शासनाची गोष्ट संपते.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फलटण भागातले कैकाडी कुटुंब, फोक आणि टोपल्या, गाढवांच्या पाठीवरचा संसार. या आत्मकथनातल्या दारिद्र्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातले उतरणे आणि निघणे महत्त्वाचे वाटते. गावाबाहेर उकिरड्याशेजारी उतरायचे, पाटलाला विचारायचे, चार दिवसांनी पुन्हा लादून निघायचे. प्रत्येक ठिकाणी राहण्याची परवानगी हंगामी आहे, आणि ती देणारा कायदा नसून एखादा माणूस आहे. ‘उपरा’ ही मराठीतली बांधकाम परवानगीवरची सर्वांत तिखट संहिता आहे असे म्हटले तर विनोद वाटेल. विनोद नाही तो.

या लोकांसाठी राज्य शासनाने पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. विमुक्त आणि भटक्या जमातींच्या कुटुंबांना पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रे गावचा, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातला. त्यामुळे नाव योग्यच. पण ‘मुक्त’ आणि ‘वसाहत’ हे दोन शब्द ज्या कोणी शेजारी ठेवले, त्याला त्या दुसऱ्या शब्दाचा इतिहास ठाऊक होता की नव्हता? ठाऊक असेल तर ती जाणीवपूर्वक केलेली दुरुस्ती आहे आणि तिला दाद द्यायला हवी. नसेल तर तो नियतीचा विनोद. २६९ चौरस फूट म्हणजे पंचवीस चौरस मीटर; प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचेही किमान माप तेच. हे माप कशासाठी पुरते? चूल, अंथरूण, भांडी. फोकाच्या भाऱ्याला, विणायला बसायला, गाढवाला जागा त्या घराच्या आराखड्यात नाही. ती पाच गुंठ्यांत शोधायची. जिथे पाच गुंठेही मिळत नाहीत आणि नुसते घरकुल मिळते, तिथे धंदा घराबाहेर पडतो. ‘उपरा’ वाचलेला अभियंता असता तर त्याने भिंत बांधण्याआधी ओटा काढला असता.

अण्णा भाऊंविषयी एक जोड द्यायची राहिली. वाटेगावातून चालत मुंबईला गेलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहिला आणि तिथेच त्याने बरेचसे लेखन केले. अखेरच्या काळात त्याला गोरेगावात सरकारी घर मिळाले. १८ जुलै १९६९ रोजी तो गेला. आज चिरागनगरात त्याच्या स्मारकाची योजना आहे, आणि ती झोपडपट्टी पुनर्वसनाच्या चौकटीतली आहे. लेखकाला जिवंतपणी जी यंत्रणा उशिरा भेटली तीच आता त्याच्या स्मारकाची पायाभरणी करणार.

आता कोयना. इथे थोडे सावकाश जावे लागेल, कारण या मुलखातल्या घराचा सगळा प्रश्न इथे एकवटलेला आहे.

११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतरची काही मिनिटे. थंडीचे दिवस, माणसे आत झोपलेली. कोयनानगर परिसरात जो भूकंप झाला त्यात सुमारे १८० माणसे मेली आणि कोयनानगरातली बहुसंख्य घरे पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. तोवर दख्खनचे पठार म्हणजे अढळ खडक, इथे भूकंप कसला, अशीच समजूत होती. विद्वानांचीही आणि नकाशांचीही. १९६२ पासून शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि हादरे सुरू झाले. जलाशयामुळे प्रेरित भूकंपाचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात गेले. पुढच्या सुधारित नकाशात हा परिसर चौथ्या भूकंप विभागात टाकण्यात आला.

माणसे मारली ती भूकंपाने की भिंतीने? अभियंते याचे उत्तर एका वाक्यात देतात. दगड-मातीची दोन-दोन फूट जाडीची भिंत दिसायला एक असते, पण आतून ती दोन पदरांची असते: बाहेरचा पदर, आतला पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नसेल, आणि चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा बांधणारा पट्टा नसेल, तर हादऱ्यासरशी पदर सुटतात आणि माळवद खाली येते. उलट डोंगरकपारीतली कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली भिंत हलते, भेगाळते, पण माणसाच्या अंगावर पडली तरी मारत नाही. आता शासनाची शब्दयोजना पाहा. कुडाचे घर ‘कच्चे’, दगडाचे ‘पक्के’. हा ढोबळ हिशोब जनगणनेपासून घरकुलाच्या यादीपर्यंत चालत आला. तो साहित्य मोजतो, जोखीम मोजत नाही. ११ डिसेंबरला मोठेपणाच्या दगडी घराने जे केले ते पाहता या दोन विशेषणांचा फेरविचार कोणीतरी करायला हवा होता. भाषेच्या अभ्यासकांनीही केला नाही.

आणि नियम? भूकंपरोधक आरेखनाचे पहिले भारतीय मानक १९६२ चे. इमारतींच्या भूकंपरोधक बांधकामाचे मानक नेमके १९६७ चे. पण हलक्या प्रतीच्या चिनाईसाठी आणि मातीच्या घरांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक मानके आली ती १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारी जमीनदोस्त झाली त्याच वर्षी. पाटण तालुक्यातला माणूस ज्या घरात झोपत होता त्या प्रकारच्या घराला मानक मिळायला कोयनेनंतर सव्वीस वर्षे लागली. ती मानकेही आदेश नव्हेत, मार्गदर्शन. ती इंग्रजीत. ग्रामपंचायतीकडे १९५८ च्या अधिनियमातल्या कलम ५२ प्रमाणे बांधकाम परवानगीचा अधिकार होता; भिंतीत आरपार दगड आहे की नाही हे पाहणारा माणूस मात्र पंचायतीकडे नव्हता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम अमलात आला तोही जानेवारी १९६७ मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोयना झाली. नगररचनेच्या त्या मोठ्या कायद्याचे लक्ष वाढत्या शहरांवर होते. जे गाव डोंगरात आहे आणि वाढत नाही, त्याच्या भिंतीविषयी त्याला काही म्हणायचे नव्हते.

साहित्याने तरी काय केले? धरणावर, विस्थापनावर मराठीने कादंबऱ्या लिहिल्या. भूकंपावर त्या तोलाची कादंबरी मराठीला मिळाली नाही. याचे कारण मला असे वाटते की विस्थापनात खलनायक असतो, आणि आपल्या ग्रामीण कादंबरीला तो लागतो. भूकंपात भिंत असते. ती गावच्याच गवंड्याने बांधलेली असते, आजोबांच्या हौसेने. तिच्यावर राग काढता येत नाही. अशा रागाविना दुःखाला कादंबरीचा आकार द्यायला जी शांत नजर लागते ती माडगूळकरांकडे होती, पण त्यांची भूमी माण होती, पाटण नव्हे.

धरणाने बुडालेली गावे शंभराच्या आसपास. तिथली माणसे साताऱ्यातच इतरत्र, सांगलीत, सोलापुरात, रत्नागिरी, रायगड आणि ठाण्याकडे पांगली. विस्थापितांसाठी राज्याचा पहिला पुनर्वसन अधिनियम १९७६ चा. कोयनेचे पाणी चढून तोवर चौदा वर्षे झाली होती. तो कायदा ‘प्रकल्प विस्थापितां’चा होता. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, नवा कायदा आला आणि शब्द बदलला: ‘प्रकल्पबाधित व्यक्ती’. व्याप्ती वाढली, लाभक्षेत्रात जमीन गेलेलेही त्यात आले, हे चांगलेच झाले. पण शब्दाच्या पातळीवर घर गमावलेला माणूस ‘बाधित’ झाला, जशी सर्दीची बाधा होते. लोकांनी यातला एकही शब्द घेतला नाही. ते स्वतःला धरणग्रस्त म्हणवतात. ‘ग्रस्त’ या शब्दात ग्रहणातल्यासारखे गिळले जाणे आहे. तीन शब्दांतला सर्वांत अचूक शब्द मोर्चातून आला.

या कायद्यात घराचे माप आहे. पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटरचा भूखंड, बिगरशेती कुटुंबाला १८५. आणि नव्या गावठाणात द्यायच्या नागरी सुविधा, ज्यांना सगळे ‘अठरा सुविधा’ म्हणतात: पिण्याचे पाणी, शाळा, चावडी, रस्ते, गटारे, वीज, स्मशानभूमी, खळवाडी, गुरांना उभे राहायला जागा वगैरे. ही यादी मी साहित्य म्हणून वाचली आणि मला ती, खरे सांगायचे तर, चांगली वाटली. खळवाडी आणि गुरांची जागा लिहिणाऱ्या माणसाने गाव पाहिलेले होते. स्मशानभूमी लिहिणाऱ्याने तर माणसे तिथे राहतील आणि मरतीलही, हे गृहीत धरले होते. सरकारी कागदात इतका पुढचा विचार सहसा नसतो. यादीत बसत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या: कोणाचे दार कोणाच्या दाराकडे तोंड करून होते, कोणत्या उंबऱ्यावरून सून बोलली तर शेजारणीला ऐकू जाई, भावकीची आळी. चौकोनी भूखंडांच्या रांगेत हा नकाशा मोडतो. आणि घाटमाथ्याच्या धो-धो पावसातून आलेल्याला उतरत्या छपराची सवय. त्याला सोलापूरच्या माळावर ती विसरावी लागते.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) इथे महत्त्वाची आहे. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत होता, म्हणून त्याला फाइल आतून ठाऊक आहे. आणि शीर्षकच मुळी पोलिसी-कचेरीच्या बोलीतून उचललेले. कादंबरीची ताकद यात आहे की ती अन्यायाचे वर्णन न थांबता, प्रक्रियेसकट करते: अर्ज, शेरा, तारीख, पुन्हा अर्ज. तिचा कमकुवतपणाही तिथेच आहे. माणसे हळूहळू प्रकरणांसारखी दिसू लागतात, एकेक प्रकरण एकेक अत्याचार. नव्या गावठाणात कोणी घर बांधले का, पहिला पावसाळा कसा काढला, दार कोणत्या दिशेला केले, यावर कादंबरी थांबत नाही. तिला बुडणे लिहायचे आहे, वसणे नाही. आणि हे एकट्या ‘झाडाझडती’चे नाही. घर जाण्याचे आपल्याला सुंदर लिहिता येते. घर होण्याचे लेखन मराठीत ‘बनगरवाडी’च्या तालमीपाशी सुरू झाले आणि जवळपास तिथेच राहिले.

शासन निर्णयाच्या गद्याविषयी दोन शब्द. त्यात कर्ता नसतो. घर ‘मंजूर करण्यात येते’, अनुदान ‘वितरित करण्यात यावे’, प्रकरण ‘विचाराधीन असते’. कोण मंजूर करतो, कोण विचार करतो आहे, हे व्याकरणच सांगू देत नाही. माडगूळकरांच्या गद्यात प्रत्येक क्रियापदाला माणूस चिकटलेला असतो. कोणी दगड उचलला, कोणी माती कालवली हे कळते. हा केवळ शैलीचा फरक नाही. ज्या वाक्यात कर्ता नाही, त्या वाक्याला जाब विचारता येत नाही. लाभार्थी हा शब्दही असाच. ज्याला हक्क आहे त्याला लाभाचा अर्थी, म्हणजे याचक, करणारा.

गृहनिर्माण मंडळाचे या भागातले अस्तित्व त्या मानाने पातळ आहे. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले, १९७७ च्या डिसेंबरात म्हाडा. साताऱ्या-सांगलीला पुणे मंडळ लागते. त्याच्याच पदराखाली पुणे, सोलापूर आणि कोल्हापूरही. सोडतीचे घर हा मुंबई-पुण्याचा विषय. इथल्या माणसाचा विषय गुंठा.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. त्याआधी आणि नंतर इथल्या शेतकऱ्यांनी शेतात तुकडे पाडून विकले, आणि हमाल, हळद कामगार, रिक्षावाले, शिक्षक, लहान दुकानदार यांनी ते घेतले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर शेती, जमिनीवर गल्ली. या प्रकाराला लोकांनी गुंठेवारी म्हटले, आणि २००१ मध्ये शासनाने नियमितीकरणाचा कायदा केला तेव्हा हाच शब्द कायद्याच्या नावात घेतला. लोकांचा शब्द अधिनियमाच्या मथळ्यावर जावा, हे क्वचित घडते. कायद्याची मुदततारीख १ जानेवारी २००१ होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती डिसेंबर २०२० अखेरपर्यंत आणली. म्हणजे वीस वर्षांत शासनाने जे रोखायचे ठरवले होते तेच वीस वर्षांनी स्वीकारले. याला ढिलाई म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. कामगाराला परवडेल असा मंजूर भूखंड जर कोणी काढलाच नाही, तर त्याने कुठे राहायचे होते? पण गटार, पावसाचे पाणी आणि सखल जमीन यांना नियमितीकरणाचा दाखला समजत नाही. शामरावनगरसारख्या वस्त्यांना विचारा. तिथे महापूर नसतानाही पाणी साचते.

मराठी कथेत या गल्ल्या फार क्वचित येतात. आपली ग्रामीण कथा गावात थांबते, आणि शहरी कथा पुण्यात सुरू होते. मधला गुंठा कोणाचाच नाही.

कृष्णेच्या पाण्याची मोजपट्टी सांगलीच्या आयर्विन पुलाला लावलेली आहे. पूल १९२९ चा. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. २००५ मध्ये पाणी पन्नासच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये सत्तावन्न फुटांच्याही वर, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पन्नासच्या पुढे. २०१९ च्या पुरातच पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून डझनाहून अधिक माणसे बुडाली. नदीकाठी जलसंपदा खाते दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नको. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच हवे. मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही हे आहे. शेकडो पानांची ती नियमावली इंग्रजीत.

नियम वाईट नाही. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या माणसासमोर उच्चारून पाहावा. संख्याशास्त्राप्रमाणे त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक अशी शक्यता, एवढाच, वेळापत्रक नव्हे. मराठीत मात्र तो वेळापत्रकासारखाच ऐकू येतो. आता आला, पुढचा नातवंडांना. या एका भाषांतराने किती जोती खाली राहिली असतील याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

लोकांनी स्वतःची नियमावली भिंतींवर लिहिली आहे. सांगलीच्या जुन्या पेठांत आणि काठच्या गावांत घरांच्या, देवळांच्या, दुकानांच्या भिंतींवर ऑइलपेंटने काढलेल्या आडव्या रेघा दिसतात आणि शेजारी साल: २००५, २०१९, २०२१. कुठे छातीएवढी, कुठे दाराच्या चौकटीवर, कुठे नुसती डोक्यावरची ओल. लाल-निळ्या रेषा नकाशावर आहेत, त्या कार्यालयात जाऊन पाहाव्या लागतात. ही रेघ घरातल्या पोराला रोज दिसते. तिला कर्ता आहे, काळ आहे, आणि माप गज-फुटांत नसून माणसाच्या अंगाचे आहे.

अशाच एका भिंतीच्या शेजारी गेल्या वर्षी नवे बांधकाम चालले होते. गवंड्याने जोते कुठवर घ्यायचे ते ठरवायला नकाशा मागितला नाही. शेजारच्या भिंतीवरच्या २०१९ च्या रेघेला दोरी लावली, पाणसळ धरली आणि मालकाकडे पाहिले. मालक म्हणाला, एवढं परवडायचं नाही, २००५ च्या रेघेवर घ्या.